उजवा पाय पुढे करावा

संपादकांनी फोनवर विचारलं, "मास्तर, एवढी वर्षं चर्चमध्ये काढलीत, कब्रस्तानाच्या किल्ल्या तुमच्याकडे असायच्या, कधी भीती वाटली का?" त्यांना दिवाळी अंकासाठी भुताखेतांचं काहीतरी खमंग हवं असावं. मी म्हणालो, वाटली की, दरवर्षी वाटायची, पण भुतांची नाही, पायांची. ते म्हणाले, तेच लिहा. तर लिहितो. कब्रस्तानाबद्दल मात्र काही विचारू नका, तिथली माणसं फार शांत होती, त्यांनी मला कधी त्रास दिला नाही.

आधी मास्तर म्हणजे काय ते सांगतो. शाळेतला मास्तर नव्हे. चर्चमध्ये उपासना फादर चालवतात, आणि उपासना सोडून जे काही उरतं ते ज्याच्या गळ्यात पडतं त्याला आमच्याकडे मास्तर म्हणतात. घंटा वाजवणं, मेणबत्त्या, लेकरांना प्रार्थना शिकवणं, लग्नाच्या नोटिसा, मयताचं रजिस्टर, फादरांच्या झग्याला इस्त्री, माइकची खरखर. लोह्याच्या अलीकडे, नांदेड-लातूर रस्त्यापासून थोडं आत आमचं चर्च आहे. मी लागलो तेव्हा पत्र्याचं होतं, आता स्लॅब आहे. एकतीस वर्षं तिथं होतो. एकतीस वर्षांत फादर सात झाले, मास्तर एकच.

ईस्टरच्या आधीचा गुरुवार आमच्याकडे पवित्र गुरुवार. मरणाच्या आदल्या संध्याकाळी, शेवटच्या जेवणाच्या वेळी, येशूनं आपल्या शिष्यांचे पाय धुतले. गुरूनं चेल्यांचे. त्याची आठवण म्हणून त्या संध्याकाळी फादर झगा उतरवतात, कमरेला पंचा बांधतात, गुडघ्यावर बसतात आणि बारा जणांचे पाय धुऊन पुसतात. आपल्याकडे पाय धुतात ते जावयाचे, तेही धोंड्याच्या महिन्यात, आणि जावई कसा रुबाबात बसतो ते तुम्ही पाहिलं असेल. इथं सगळं उलटं. धुणारा मोठा आणि बसणाऱ्याला लाज वाटते. म्हणजे वाटावी अशी अपेक्षा असते.

हे बारा जण जमवणं माझं काम. उपवासाचे चाळीस दिवस सुरू झाले की माझ्या पोटात गोळा यायचा तो ईस्टरलाच जायचा. सायमनकाका म्हणून आमचे एक पंच होते, एसटीत कंडक्टरकी करून रिटायर झालेले. पहिली खुर्ची त्यांची. ती त्यांना कुणी दिली हे कुणालाच मालूम नाही, पण एका साली मी चुकून तिथं दुसऱ्याला बसवलं, तर काका पुढचे तीन रविवार चर्चला आले नाहीत. दुसरा एक गडी म्हणायचा, पाय धुवा पण तोंडावर उपरणं घेऊन बसू द्या. कागदावर त्याची जात एक, मनातली प्रार्थना एक. कुणी मोबाईलवर फोटो काढला आणि गावभर फिरला तर लेकराच्या जातीच्या दाखल्याची पंचाईत होईल, ही त्याची फिकीर. मी त्याला खांबाच्या आड खुर्ची टाकून दिली. पाय उजेडात, तोंड अंधारात. आणखी एकजण तर बाप्तिस्मा न घेतलेला. दर रविवारी मागच्या बाकावर यायचा. एका साली कुणाला न विचारता सरळ येऊन खुर्चीत बसला. फादरांनी त्याचेही पाय धुतले आणि मी आठवडाभर पुस्तकं चाळत बसलो की हे चालतं का.

आणि बारावी खुर्ची! तिच्यावर बसायला कुणी तयार नसायचं. बारावा म्हणजे यहूदा, ज्यानं गुरूला धरून दिलं तो. लोक मोजायचे. अकरा खुर्च्या भरायच्या, बारावीसमोर मोठमोठे गडी पाय घासत उभे राहायचे. दोन-तीन सालं हा तमाशा झाल्यावर मी म्हणालो, जाऊ द्या, मी बसतो. तेव्हापासून बारावी खुर्ची माझी झाली. लोक हसायचे, मीही हसायचो.

या कामातली एक आतली गोष्ट सांगतो, फादर मंडळींनी राग मानू नये. फादरांच्या समोर जे पाय येतात ते आधीच धुतलेले असतात. हा सण मार्च-एप्रिलात येतो. तेव्हा आमच्याकडे हळद शिजवायचं, वाळवायचं काम जोरात. शिवारातून आलेल्या माणसाचे पाय घोट्यापर्यंत पिवळे, टाचांना भेगा, भेगांत माती. मी लागलो त्या साली फादरांचे पांढरे पंचे पिवळेजर्द झाले, आणि तेव्हाचे फादर मला बाजूला घेऊन म्हणाले, मास्तर, काहीतरी करा. मग मी ठरवलं. गुरुवारी चार वाजता सगळ्यांनी चर्चमागच्या नळावर यायचं. तिथं गरम पाणी, साबण, वजरी. घासूनपुसून पाय स्वच्छ करायचे आणि चप्पल घालून आत येऊन बसायचं. आणखी एक नियम मी केला. कुणी डावा पाय काढायचा, कुणी उजवा, कुणी दोन्ही, फादर गोंधळून जायचे. म्हणून मी माइकवर सांगायला लागलो, "सगळ्यांनी उजवा पाय पुढे करावा." हा नियम रोमचा नाही, बिशपांचा नाही, कुठल्याही पुस्तकात नाही. तो माझा. आणि मला त्याचा अभिमान होता, हे कबूल करतो.

नळावर पाय घासायचं काम राहेलबाईकडे होतं.

राहेलबाई चर्च झाडायची, बाकं पुसायची, फुलं वाहायची. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. नवरा लवकर गेला, एक लेक मार्था, ती लातूरला दिलेली. बाई अंगानं काटक आणि तोंडानं फटकळ. वजरी घेऊन दगडावर बसायची आणि एकेका गड्याचा पाय मांडीशी ओढून असा घासायची की सायमनकाकासुद्धा हां हां करायचे. वीस-एक वर्षं तिनं हे केलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती कामाला लागली त्या साली गडी लोक नुसतं पाणी ओतून येऊन राहिले होते, ते तिला बघवलं नाही.

दरवर्षी फळ्यावर मी खडूनं नोटीस लिहायचो, "पवित्र गुरुवारी सायंकाळी बारा माणसांचे पाय धुण्यात येतील." राहेलबाई पोक्तपणी अक्षरं शिकली होती, त्यामुळे दिसेल ते वाचायची. एका साली बोट ठेवून तिनं ती नोटीस वाचली आणि विचारलं, माणसं म्हणजे कोण? मी म्हणालो, माणसं म्हणजे माणसं, गडीमाणसं. तर ती म्हणाली, "मंग तसं लिव्हा की मास्तर. बायामाणसं म्हनतात त्याच्यात बी माणसं हायेत."

मी हसण्यावारी नेलं. पण तिच्या मनात होतं. पुढच्या साली तिनं सरळच विचारलं की मला बसता येईल का. मी नियम दाखवला. त्या काळी नियम तसाच होता, पुस्तकात स्पष्ट पुरुष असं होतं, त्यात माझा काही हात नव्हता. ती म्हणाली, बरं. आणि दरवर्षी विचारत राहिली, पाऊसपाण्याची चौकशी करावी तसं. एकदा मी चिडून म्हणालो, राहेलबाई, काय एवढं अडलंय तुमचं त्या पाय धुण्यावाचून? ती पंचे पिळत होती. पंचा पिळता पिळता म्हणाली, "मपल्या पायाला आजवर कुनी हात लावला न्हाई, मास्तर. जलमले तवा आईनं धुतले आसतील तेवढंच."

नियम तो नियम.

मग पत्र आलं. बिशप हाऊसचा शिक्का, आत रोमच्या हुकमाचा मराठी तर्जुमा. तेव्हाचे फादर वयस्कर होते, नऊ वर्षं आमच्याकडे होते, त्यांना आम्ही मोठे फादर म्हणायचो. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं आणि माझ्याकडे सरकवलं. पुरुष हा शब्द काढला होता. यापुढे देवाच्या लेकरांतून कुणीही निवडावं, बाई असो बाप्या असो, तरुण म्हातारं, धडधाकट आणि आजारी. आजारी हा शब्द मला चांगला आठवतो, कारण पुढे तो मला फार दिवस टोचत राहिला.

मोठे फादर हसून म्हणाले, मास्तर, तुमच्या नोटिशीत एक अक्षरही बदलायला नको, तुम्ही आधीपासूनच माणसं लिहिता. मीही हसलो. मग ते गंभीर झाले. लोकांची मनं तयार नाहीत, म्हणाले, पंच उठून जातील, सणाच्या दिवशी बखेडा नको, पुढच्या वर्षी बघू. पत्र मी परिपत्रकांच्या फाईलला लावलं, फाईल कपाटात ठेवली, कपाटाची किल्ली माझ्या कडदोऱ्याला. पुढच्या वर्षी फादरांनी विषय काढला नाही. मी आठवण करून दिली नाही.

इथवर मी माझ्या मनाची समजूत घालू शकतो. फादरांचा शब्द होता, मी नोकर माणूस. पण त्याच्या पुढच्या साली झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, राहेलबाईनं मला नळापाशी थांबवलं. लेकीनं तिला मोबाईलवर काही दाखवलं होतं, कुठल्याशा मोठ्या चर्चमध्ये बायांचे पाय धुऊन राहिले होते. तिचा चेहरा मला अजून दिसतो, लेकराला खाऊ दिसावा तसा झाला होता. तिनं विचारलं, "आपल्याकडं तसं पत्र आलं का वो?"

मी म्हणालो, "न्हाई."

एवढंच. का म्हणालो? सायमनकाकांची भीती वाटली. अकरा गडी उठून गेले तर फादर मला काय म्हणतील याची भीती वाटली. आणि खरं सांगू का, दोन वर्षं पत्र दडवून ठेवलं हे तिला कळेल याची सगळ्यात जास्त भीती वाटली. एका भीतीला झाकायला दुसरी. त्या दिवसापासून कपाटाशी कुणी गेलं की माझा जीव खालीवर व्हायचा. मयताचं रजिस्टर काढायला फादर उठले की मी आधी धावायचो, बसा फादर, मी देतो. त्या चर्चला एवढा तत्पर मास्तर कधी मिळाला नसेल.

मोठ्या फादरांची बदली झाली आणि नगरकडचे एक तरुण फादर आले. भल्या मनाचे, पण सगळं विचारून करणारे, आणि विचारणाऱ्या माणसाची मला तेव्हा धास्तीच वाटायची.

त्यांच्या दुसऱ्या साली, दिवाळीच्या सुमारास, राहेलबाईच्या उजव्या पायाला नळाजवळच काहीतरी टोचलं. पत्र्याचा तुकडा असेल. तिला शुगर होती, ते तिला मालूम नव्हतं, आम्हा कुणालाच नव्हतं. हळद लावून तिनं चिंधी बांधली आणि झाडत राहिली. नाताळात ती लंगडायला लागली. नांदेडला दाखवलं, गोळ्या मिळाल्या. उपवासाचे दिवस सुरू झाले तेव्हा अंगठा काळा पडला होता. मार्था तिला लातूरला न्यायला आली.

जायच्या दिवशी राहेलबाई चर्चच्या पायरीवर बसली होती, पाय फडक्यात गुंडाळलेला. मार्था रिक्षा बघायला रस्त्यावर गेली होती. मी विचारलं, डॉक्टर काय म्हणतात. ती म्हणाली, कापायचा म्हणून राहिलेत, अंगठा का पाऊल ते बघून सांगतील. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मास्तर, पाय जायच्या आदी येकदा फादरच्या हातचं पानी पडू द्या की त्याच्यावर. नियम नसंल तर फादरला इचारून बघा."

रिक्षा आली. ती गेली. मी पायरीवर तसाच बसलो. आता गुरुवारला तीन आठवडे होते. एक आठवडा मी नुसता कपाटाकडे बघत काढला. दुसऱ्या आठवड्यात दोनदा फाईल काढली आणि दोनदा ठेवली. माझ्या बायकोनं विचारलं, तब्येत बरी नाही का? मी म्हणालो, ऊन लागलंय.

झावळ्यांच्या रविवारच्या दोन दिवस आधी मी पत्र फादरांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी वाचलं. वरची तारीख बघितली. पुन्हा बघितली.

"मास्तर, हे एवढी वर्षं इथंच होतं?"

मी हो म्हणालो. मग सगळंच सांगितलं, नळापाशी बोललो तो शब्दही. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं म्हणाले, मी आल्या साली हा नवा नियम तुम्हाला माहीत आहे असं गृहीत धरलं होतं, तुमची यादी बघून वाटलं इथं बायाच तयार नसतील. नोटीस तर बरोबर होती. मग त्यांनी पत्राची घडी घातली आणि सांगितलं, यंदा राहेलबाई बसतील, पंचांना मी बोलतो, पण राहेलबाईंना तुम्ही सांगा.

रविवारी मिस्सा, म्हणजे उपासना, झाल्यावर पंचमंडळी बसली. सायमनकाका उठून उभे राहिले आणि म्हणाले की बाईच्या पायाला फादर हात लावणार, तोही सडलेला पाय, लोक काय म्हणतील. फादरांनी पत्र वाचून दाखवलं. आजारी या शब्दाशी ते थोडे थांबले. काका म्हणाले, मग माझी खुर्ची रिकामी समजा. आणि निघून गेले. मला वाटलं झालं, आता अकराचे दहा होतील, दहाचे पाच. चार वर्षं ज्याला भ्यालो होतो ते घडलं होतं, आणि आश्चर्य म्हणजे चर्च जागच्या जागी होतं.

सोमवारी मी मार्थाला फोन लावला. मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं, परवानगी मिळाली, आईला गुरुवारी घेऊन या, गाडीचं आम्ही बघतो. मार्था फोनवर रडायलाच लागली. ताप उतरत नव्हता. विष वर चढत होतं. डॉक्टरांनी बुधवारी कापायचं ठरवलं होतं, गुडघ्याच्या खालून. आणि आई सही करत नव्हती. म्हणत होती, गुरुवार होऊ द्या, मास्तरनं फादरला इचारलं आसंल, शुक्रवारी काय कापायचं ते कापा.

आता मी जे बोललो ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, "दोनच दिवसांचा प्रश्न आहे ना मार्था?"

ती म्हणाली, "काका, डॉक्टर म्हणतात दोन दिवसांत गुडघ्याच्या वर जाईल. मग तिचा भरवसा नाही."

मी काय मागून राहिलो होतो? माझ्या डोक्यावरचं ओझं उतरावं म्हणून एका आजारी बाईनं जीव धोक्यात घालावा, असं मागत होतो. मी म्हणालो, आईला फोन दे.

राहेलबाईचा आवाज खोल गेला होता. मी सांगितलं, सही करा, गुरुवारी येऊ नका.

"का? पत्र न्हाई आलं?"

"आलं."

"कवा आलं?"

काल आलं म्हणता आलं असतं. परवा म्हणता आलं असतं. तिला बरं वाटलं असतं आणि मला त्याहून बरं वाटलं असतं. तोंडात शब्द आलाही होता.

"चार वर्षं झाली," मी म्हणालो.

पलीकडे वॉर्डातली भांडी वाजत होती, कुणीतरी खोकत होतं.

"मंग मी इचारलं तवा आलेलं व्हतं म्हना की."

"व्हय."

"बरं," ती म्हणाली आणि फोन मार्थाकडे गेला. त्याच संध्याकाळी तिनं सही केली. बुधवारी दुपारी पाय कापला. गुडघा वाचला.

गुरुवारी चार वाजता मी नळावर गेलो. दहा जण आले होते. दगडावर वजरी तशीच पडली होती, तिच्या दांड्याला राहेलबाईनं सुतळी गुंडाळलेली. पाणी तापवलं, बसलो आणि पहिल्या गड्याचा पाय मांडीशी ओढला. तीस वर्षांत पहिल्यांदा. भेगांत बोट घातल्याशिवाय माती निघत नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं. तिसऱ्या पायालाच कंबर धरली. पाचव्या पायापाशी सायमनकाका आले, चप्पल काढून रांगेत बसले. मी त्यांचेही घासले. ते हां हां म्हणाले नाहीत.

आत बारावी खुर्ची रिकामी ठेवली होती. फादर तिच्यापाशीही गुडघ्यावर बसले, घंगाळ खाली ठेवलं, थोडे थांबले आणि उठले. मी त्या साली खुर्चीत न बसता माइकपाशीच उभा होतो. मला वर बघवलं नाही.

नंतरचं वर्ष कसं गेलं ते मला विचारू नका. राहेलबाई लातूरलाच राहिली. मार्था फादरांना फोन करायची, फादर मला सांगायचे, जखम भरली, वॉकर घेऊन चालते. मला फोन आला नाही आणि मीही केला नाही. एकदा भेटायला म्हणून बसमध्ये बसलो, अहमदपूरला उतरलो आणि परतीची बस धरली. काय तोंड दाखवणार होतो? राहेलबाईनं शिव्या दिल्या असत्या तर खाल्ल्या असत्या. पण तिनं बरं म्हटलं होतं, आणि त्या बरंचं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

माझ्या नोकरीचं ते शेवटचं साल. उपवासाचे दिवस आले. पवित्र गुरुवारी सकाळी मार्थाचा फोन आला, या खेपेला माझ्या फोनवर. आई येते म्हणून राहिली. बारावी खुर्ची ठेवायला सांगितलीय. मास्तरची, असं म्हणाली.

दिवसभर मी रस्त्याकडे बघत होतो. चार वाजता नळावर अकरा जणांचे पाय घासले, राहेलबाई नाही. पाच वाजले, नाही. साडेपाचला मार्थाचा फोन, बस पंक्चर. सहाला मिस्सा सुरू झाला. वाचनं झाली, फादरांचा उपदेश झाला, अकरा गडी येऊन बसले. बारावी खुर्ची रिकामी. तिनं मुद्दामच असं केलं असेल का, असंही एकदा मनात येऊन गेलं.

फादरांनी झगा उतरवला, पंचा बांधला, आणि तेवढ्यात दारात वॉकरचा आवाज आला. खट, मग थोडं थांबून पुन्हा खट. सगळं चर्च मागे वळलं. राहेलबाई मधल्या वाटेनं येत होती, मार्था मागे हात धरायला तयार, पण ती धरू देत नव्हती. बारीक झाली होती. लुगड्याचा उजवा काठ खाली रिकामा हलत होता. डाव्या पायात चप्पल, त्यावर रस्त्याची धूळ. नळावर न जाता सरळ आत आली होती. पहिल्या खुर्चीवरून सायमनकाका उठले, वॉकर जायला वाट केली आणि पुन्हा बसले.

ती बारावीवर टेकली. फादर घंगाळ घेऊन निघाले. मी माइकपाशी गेलो. इतक्या वर्षांची जिभेची सवय, तोंड आपोआप उघडलं.

"सगळ्यांनी उजवा पाय पुढे करावा."

शब्द बाहेर पडले आणि मला कळलं मी काय बोललो. माइकवरून ते पार मागच्या भिंतीपर्यंत गेले होते. अकरा उजवे पाय पुढे आले. धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. राहेलबाईनं खाली बघितलं, जिथं काही नव्हतं तिथं. मग सावकाश डाव्या पायातली चप्पल काढली, धुळीनं भरलेला पाय फरशीवर पुढे सरकवला आणि माझ्याकडे बघितलं. फादरांकडे नाही, माझ्याकडे.

"डावा हाय, मास्तर. चालंल का?"

एकतीस वर्षं लोक मला हेच विचारत आले होते, आणि मी दरवेळी कपाटाकडे बघून उत्तर दिलं होतं.

"चालंल," मी म्हणालो. माइक सुरू होता, सगळ्यांना ऐकू गेलं.

फादर अकरा जणांना ओलांडून आधी तिच्यापाशी गेले. गुडघ्यावर बसले, पाऊल हातात घेतलं आणि पाणी ओतलं. घंगाळ धरायला मी वाकलो होतो. नळावर पाय घासायचा नियम मी केला तेव्हापासून आमच्या चर्चमध्ये त्या घंगाळातलं पाणी त्या दिवशी पहिल्यांदा मातीनं गढूळ झालं.